आबांच्या फ्लेक्सवरचा पासवर्ड

मला फ्लेक्सची आधीपासूनच किळस आहे. मुखेडच्या बसस्टँडसमोरच्या चौकात मान वर केली तर आभाळ दिसत नाही, नुसती तोंडं दिसतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचा पुतण्या बारावी पास. पांढरे कपडे, काळा गॉगल, कानाला मोबाईल, आणि खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या तोंडांची रांग. पण त्या सोमवारी चौकात जो नवा फ्लेक्स चढला होता, तो बघून मी स्कूटी भर रस्त्यात थांबवली. मागचा टमटमवाला आईवरून शिवी देऊन गेला, तरी मी तिथंच.

फ्लेक्स हणमंतराव आबांचा होता. आमच्या तालुक्यातले निम्मे पाण्याचे टँकर आबांचे, उरलेले त्यांच्या मेव्हण्याचे. डाव्या बाजूला आबा हात जोडून उभे. वर ‘विदेशी पाहुण्यांचे मुखेड नगरीत सहर्ष स्वागत’. आणि उजव्या बाजूला, आबांपेक्षाही मोठा, आमच्या कंट्रोल रूमचा फोटो. मॉनिटरवर खंडेनवमीच्या पूजेचं हळदीकुंकू तसंच होतं, झेंडूचा वाळका हार होता, आणि कडेला सेलोटेपनं चिकटवलेला कागद होता. कागदावर जाड मार्करनं लिहिलेलं युजरनेम आणि पासवर्ड. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत वेबसाईटचा पत्ता. चौकापलीकडच्या रसवंतीत ग्लास हातात घेऊन बसलेल्या माणसालाही सगळं सहज वाचता येत होतं.

मी अंजू बिरादार. मूळची निलंग्याची, नोकरीनं मुखेडला आलेली. पाणीपुरवठा योजनेत कनिष्ठ अभियंता आहे, म्हणजे तेव्हा होते. मन्याडच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि मुखेडला व आसपासच्या गावांना सोडायचं, एवढंच आमचं काम. पूर्वी माणूस सायकलवर जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा. आता सगळे पंप आणि व्हॉल्व्ह संगणकाला जोडलेत. पुण्याच्या कंपनीनं जाताजाता मोबाईलवरूनही चालेल अशी सोय करून दिली आणि बिल घेऊन गेली. ज्याच्याकडे पत्ता आणि पासवर्ड, त्याच्या हातात मुखेडचे नळ.

आणि पाहुणे कशाला येत होते? तर याच गोष्टीसाठी! वीज, पाणी, रेल्वे, दवाखाने हे सगळं आता संगणकावर चालतं, आणि उद्या कुणी शत्रूनं ते संगणकच ताब्यात घेतले तर देश बंद पडेल, म्हणून काही सरकारांनी मिळून करार करायचं ठरवलं होतं. एकमेकांच्या यंत्रणा बघायच्या, एकमेकांना सावध करायचं, संकटात मदत करायची. कल्पना चांगलीच होती, त्यात मला खोट काढायची नाही. नमुना म्हणून आपल्या बाजूनं आमची योजना निवडली गेली. पाहुणी सरकारं कोणती, हे सांगायला आम्हाला बंदी होती. नावं गोपनीय होती, पासवर्ड मात्र चौकात होता.

मी आधी फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदार खुशीत होता.

“फोटो लई धूसर आलता मॅडम. म्याच क्लिअर करून दिलाय. आता अक्षर न अक्षर वाचता येतंय का न्हाई?”

“येतंय,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिथून तडक ऑफिस. आमचे कार्यकारी अभियंता दयानंद साहेब टेबलावर शालींचे नमुने पसरून बसले होते. भगवी बरी की मोरपंखी, यात सकाळ गेली होती.

“साहेब, तो फ्लेक्स उतरवावा लागेल. आपला पासवर्ड छापलाय त्यावर.”

साहेबांनी चष्मा वर केला. “आबांचा फोटो हाय ना त्यावर?”

“आहे.”

“मग कोण उतरवणार? तुम्ही? पाहुणे यायच्या तोंडावर आबांचा फोटो खाली आला तर पोरं हापिस फोडतील, आणि माझी बदली गडचिरोलीला होईल. त्यापेक्षा कुणी बघत न्हाई समजा. लोक फ्लेक्सवर तोंडं बघतात मॅडम, कागद न्हाई वाचत.”

“ठीक आहे, मग पासवर्ड बदलते. दोन मिनिटांचं काम आहे.”

तेव्हा मात्र त्यांनी शाल खाली ठेवली. “बिलकुल न्हाई. हात लावायचा न्हाई.”

ड्रॉवरमधून त्यांनी दिल्लीहून आलेलं परिपत्रक काढलं. संयुक्त मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत यंत्रणेत कसलाही बदल करू नये. पाहुण्यांना यंत्रणा आहे तशी बघायची आहे. बदल करायचाच झाला तर सहभागी सर्व सरकारांच्या संयुक्त समितीची लेखी मंजुरी हवी.

“म्हणजे चौकात टांगलेला पासवर्ड बदलायला मी किती देशांना विचारायचं?”

“सगळ्यांला,” साहेब म्हणाले, आणि मोरपंखी शाल उजेडात धरून बघू लागले.

मी खरंच विचारलं. समितीला ईमेल केला, सगळं स्वच्छ लिहिलं, फ्लेक्सचा फोटोही जोडला. उत्तर लगेच आलं. आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत, आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. ते यंत्रानं पाठवलेलं उत्तर होतं. माणसाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

आता माझ्या आईचं सांगते, कारण एरवी मीही चार शिव्या देऊन गप्प बसले असते. आईचं नाव शरणम्मा. बाबा गेल्यावर मी तिला निलंग्याहून माझ्याकडे आणलं. वर्षभरात तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिस. लोकांना वाटतं डायलिसिसला वीज लागते, औषधं लागतात. लागतातच, पण त्याआधी पाणी लागतं. एका माणसाचं रक्त धुवायचं तर घरात आठवडाभर प्यायला पुरेल त्याहून जास्त पाणी मशीनमधून जातं. पाणी नाही तर डायलिसिस नाही. आणि दवाखाना आमच्या पूर्वेच्या लाईनवर आहे. तिचा व्हॉल्व्ह त्याच स्क्रीनवर, त्याच पासवर्डमागे.

त्याच आठवड्यात आई खुर्चीत बसली, हातावरची पट्टी सोडली, तेवढ्यात सिंधु सिस्टर बाहेर आली. ही सिस्टर बोलायला फटकळ, पण आईची सुई तिच्याशिवाय कुणाला नीट लागत नाही.

“अंजूताई, टाकी खाली हाय. नळाला थेंब न्हाई. आज कुणालाच लावता येत न्हाई.”

मी ऑपरेटरला फोन लावला. संगमेश पाळीवर होता, बिचारा रडकुंडीला आलेला. “मॅडम, पूर्वेचा व्हॉल्व्ह बंद दाखवून राहिलाय. म्या हात बी लावला न्हाई, शिवशंकराची आण!”

मी गेले, व्हॉल्व्ह उघडला, नोंदी बघितल्या. कुणीतरी मोबाईलवरून आमच्याच नावानं आत शिरलं होतं आणि पूर्वेचं पाणी बंद करून बाहेर पडलं होतं. परत येताना पूर्वेच्या गल्ल्यांतून आले, तर तिथं आबांचे टँकर रांगेनं उभे. बायका घागरी घेऊन भांडत होत्या. एकीला विचारलं तर म्हणाली, नळ गेल्याचं आम्हाला टँकर बघून कळलं.

लाईन लांब आहे, टाकी भरेपर्यंत दुपार टळली, आईची पाळी हुकली. तिच्या पायांना सूज चढली, आडवं झालं की दम लागायचा. दुसऱ्या दिवशी गाडी करून नांदेडला नेलं. वाटेत खड्ड्यागणिक ती माझा हात घट्ट धरायची. “यव्वा, मला परत निलंग्याला ने,” म्हणाली. “मरायचंच हाय तर आपल्या दारात मरते.” मी तिच्यावर ओरडले. राग तिचा नव्हता, पण समोर तीच होती.

साहेबांना नोंदी दाखवल्या. त्यांनी बराच वेळ वाचल्यासारखं केलं.

“हॅकर असतील. बाहेरच्या देशाचे. चांगलं झालं की, पाहुण्यांला दाखवायला आपल्याकडं केस तयार झाली!”

“साहेब, बाहेरच्या देशाच्या हॅकरचे टँकर पूर्वेच्या गल्लीत उभे होते का?”

त्यांनी उठून दार लावलं. “मॅडम, पुरावा हाय का? मोबाईल कुणाचा, हे लिहून येतंय का त्यात? न्हाई ना? मग तोंडाला कुलूप घाला. पाहुणे जाऊ द्या, मग बघू.”

माणूस वाईट असता तरी एक वेळ चाललं असतं. दयानंद साहेब वाईट नाहीत, लेकीच्या लग्नात पंगतीला स्वतः वाढत फिरले होते. त्यांना सगळं दिसतं आणि ते बघत नाहीत, याची मला जास्त घाण वाटते.

संध्याकाळी आबा स्वतः आले, पाहुण्यांच्या स्टेजची जागा बघायला. तोंडात गुटखा, हातात मोबाईल. मला बघून थांबले.

“ताई, तुमचं ते मोबाईलवरचं लई भारी काम हाय बगा. घरात बसून नळ चालू, घरात बसून बंद! सरकार किती पुढं गेलंय!”

आणि हसले. माझ्या डोळ्यांत बघून हसले. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. त्यांना लपवायचंच नव्हतं. लपवायचं असतं तर मला इतका राग आला नसता.

पाहुणे विमानानं नांदेडला उतरले, गुरुद्वाऱ्यात माथा टेकून, लंगरमध्ये जेवून, दुसऱ्या दिवशी मुखेडला आले. चौकात हलगी लावली होती. गाड्यांचा ताफा बरोबर त्या फ्लेक्सखाली थांबला. पथकाच्या प्रमुख उंच, पिकलेल्या केसांच्या बाई होत्या. त्या गाडीतून उतरल्या, फ्लेक्सकडे बघून “काय सुंदर रंग!” म्हणाल्या, आणि त्याच्या खाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. आमचा पासवर्ड इंग्रजीत लिहिलेला. चौकातल्या शेंगदाणेवाल्याला तो वाचायला अडचण आली असती एक वेळ, पण बाईंना? जगभरच्या यंत्रणा तपासत फिरणाऱ्या बाईंच्या डोक्यावर तो कागद हातभर उंचीवर लोंबत होता आणि बाई दात दाखवून फोटोत हसत होत्या.

पथकातल्या एकाला मात्र दिसलं. दाढीवाला, किडकिडीत, त्यांचा तांत्रिक तज्ज्ञ. तो बराच वेळ वर बघत राहिला, मग ओठ चावून खाली बघू लागला. जेवणाच्या मांडवात मी त्याला गाठलं. माझं इंग्रजी लातूरच्या कॉलेजातलं, पण राग आला की कुठलीही भाषा नीट येते.

“तुम्हाला दिसलाय ना तो पासवर्ड?”

“हो. दिसला.”

“मग सांगा ना आमच्या साहेबांना. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. माझं कुणी ऐकत नाही.”

त्यानं आजूबाजूला बघितलं. “आम्ही पाहुणे आहोत. यजमान सरकारच्या उणिवांवर तोंडी बोलायचं नाही, असं करारातच ठरलंय. त्यानं संबंध बिघडतात. अहवालात येईल सगळं.”

“कधी?”

“सगळ्या सरकारांनी मसुदा मान्य केल्यावर.”

“त्या पाण्यावर माझ्या आईचं डायलिसिस चालतं.”

तो ओशाळला. खरंच ओशाळला, ते खोटं नव्हतं. “मला फार वाईट वाटतं,” म्हणाला. तेवढ्यात आबा आले, त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला, खांद्यावर मोरपंखी शाल टाकली आणि हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, वाटी पुढं केली. तो फेटा सावरत हुग्गी खाऊ लागला. माझ्याकडे त्यानं परत बघितलं नाही. कुंपणच शेत खातं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. इथं कुंपणानं शेत खाल्लं आणि वर राखणदाराला फेटा बांधला.

करारावर सह्या दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका मोठ्या हॉटेलात व्हायच्या होत्या. तिथं मोठ्या पडद्यावर आमची यंत्रणा थेट चालवून दाखवायची, असा कार्यक्रम. साहेब, आबा, सगळे नांदेडला. कंट्रोल रूममध्ये मी आणि संगमेश. त्याच दिवशी आईची पाळी. तिला मी शेजारच्या रत्नम्मा काकूंबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः स्क्रीनसमोर बसले, व्हॉल्व्हवर डोळा ठेवून.

सिंधु सिस्टरचा फोन आला, आईला मशीन लावलं. मी श्वास सोडला. आणि समोर, स्क्रीनवर, पूर्वेचा हिरवा ठिपका लाल झाला.

मी उघडला. परत लाल. मी उघडला. परत लाल. पलीकडे कुणीतरी मोबाईलवर बोट ठेवून बसलं होतं आणि आम्ही दोघं मुखेडच्या नळांची रस्सीखेच खेळत होतो.

“मॅडम, हे कोण खेळून राहिलंय?” संगमेश म्हणाला.

सिंधु सिस्टरचा परत फोन. “ताई, प्रेशर कमी झालंय. वरची टाकी थोडीच हाय. पाणी तुटलं तर मशीन मधीच काढावं लागंल. आजीचं रक्त बाहेर फिरून राहिलंय, लौकर सांगा मला काय करू!”

“काढू नका,” मी म्हणाले. “पाणी येतंय.”

सगळ्या सरकारांचं परिपत्रक माझ्या डोक्यामागं भिंतीवर चिकटवलेलं होतं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पासवर्ड बदलला. मॉनिटरवरचा कागद फाडला, तोंडात घालून चावला आणि कचऱ्याच्या डब्यात थुंकला. संगमेश बघतच राहिला. मग व्हॉल्व्ह उघडला. ठिपका हिरवा झाला. आम्ही दोघं बघत बसलो. तो हिरवाच राहिला.

किती दिवसांनी मला इतका आनंद झाला होता! मोबाईलवाला दाराबाहेर उभा होता आणि दार लागलं होतं. त्या दिवशी आईचं डायलिसिस पूर्ण झालं, एका थेंबाची कसर न राहता.

पण ते पूर्ण व्हायच्या आधीच नांदेडहून साहेबांचा फोन आला. मागं माईकची खरखर, टाळ्या थांबलेल्या, कुणीतरी खाकरत होतं.

“मॅडम, पडद्यावर चुकीचा पासवर्ड दाखवून राहिलंय. समदी सरकारं समोर बसलीत. काय केलंत तुम्ही?”

“बदलला.”

“बदलला? बरं, असू द्या, असू द्या. नवा सांगा लवकर.”

“साहेब, तुमच्या शेजारी कोण बसलंय?”

“आबा बसलेत. का?”

“मग नाही सांगत.”

फोन बंद झाला. मला माहीत होतं, माझी नोकरी तिथंच संपली. त्यांनी पुण्याच्या कंपनीला सांगितलं आणि कंपनीनं तिथून बसल्या जागी माझा पासवर्ड पुसून जुना परत लावला. तोच. चौकातला. तोवर दवाखान्याची टाकी मात्र भरली होती. पडदा सुरू झाला, टाळ्या वाजल्या, सह्या झाल्या. संध्याकाळी माझ्या हातात निलंबनाचा कागद पडला. संगमेशच्या हातात नवा मार्कर होता आणि तो मान खाली घालून नवा कागद लिहीत होता. त्याच्या घरी दोन लहान लेकरं आहेत.

अहवाल उन्हाळ्याच्या तोंडाला आला. माझी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानंच माझ्यापुढं ठेवला. गुळगुळीत कागद, सगळ्या देशांचे झेंडे. त्यात लिहिलं होतं की मूल्यमापनाच्या काळात एका अंतर्गत कर्मचाऱ्यानं यंत्रणेत अनधिकृत बदल करून पाणीपुरवठ्याचं नियंत्रण आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न केला, पण सहभागी सरकारांच्या तत्पर समन्वयामुळे हा धोका लगेच ओळखून निष्प्रभ करण्यात आला. यंत्रणा मूळ सुरक्षित स्थितीत आणण्यात आली. या सहकार्याचं इतर देशांनी अनुकरण करावं. अख्ख्या अहवालात सापडलेला हल्लेखोर एकच, तो म्हणजे मी.

व्हॉल्व्ह कुणी बंद केला याबद्दल एक ओळ नाही. दाढीवाल्यानं आपला शब्द पाळला होता. शेवटच्या परिशिष्टात, बारीक अक्षरांत होतं, ‘पासवर्डविषयक शिस्तीत सुधारणेस वाव आहे.’ आणि मुखपृष्ठावर रंगीत फोटो. उंच बाई हसतायत, वर आबा हात जोडून, आणि शेजारी आमचा मॉनिटर. छपाई उत्तम होती. तो अहवाल म्हणे सगळ्या राजधान्यांत पोचलाय.

“तुमचं म्हणणं काय?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“मुखपृष्ठ वाचा,” मी म्हणाले.

त्यानं मुखपृष्ठ बघितलं. “चांगला आलाय फोटो,” म्हणाला.

आपल्याकडे माणूस मरतो, फ्लेक्स मरत नाही. चौकातून उतरला की कुणाच्या सोयाबीनच्या ढिगावर जातो, कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या न्हाणीच्या आडोशाला. आबांचा तो फ्लेक्स उतरल्यावर आबांच्याच पोरांनी तो दवाखान्याबाहेर बांधला. डायलिसिसच्या पेशंटचे नातेवाईक उन्हात ताटकळतात म्हणून. चार बांबू आणि वर फ्लेक्स, पालथा. ‘आबांची सावली’ म्हणतात लोक त्याला. बाकावर बसून वर बघितलं की उलटा मॉनिटर, उलटं हळदीकुंकू आणि उलटा पासवर्ड. उलटा असला तरी वाचता येतो. आणि अजून चालतो.

परवा मी आईला घेऊन तिथंच बसले होते. आत टाकी रिकामी होती. पूर्वेचे नळ सकाळपासून कोरडे. आता मला कंट्रोल रूमच्या दारातही उभं करत नाहीत. आईचे पाय सुजलेले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून ती श्वास घेत होती. दुसऱ्या पेशंटची लेक सारखी सिंधु सिस्टरला विचारत होती आणि सिस्टर सारखी “माझ्या हातात काय हाय?” म्हणत होती.

मग भोंगा वाजला. आबांचा टँकर आला. पुढं नवाकोरा फ्लेक्स, ‘आबांतर्फे रुग्णांसाठी मोफत जलसेवा’. आबा स्वतः पुढच्या गाडीतून उतरले. पोरांनी पाईप ओढला, टाकीत पाणी पडायला लागलं. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिंधु सिस्टरनं आतून हाक मारली, “शरणम्मा आजी, चला, लावते!”

आबा आमच्यासमोर येऊन थांबले. मोबाईल त्यांच्या हातातच होता. “काय ताई, बऱ्या हायत का आई?” त्यांनी विचारलं.

आईनं माझा खांदा धरून स्वतःला उभं केलं आणि दोन्ही हात जोडले. “देव हायसा बाबा तुम्ही,” म्हणाली. मग मला कोपरानं ढोसलं. “अगं, अशी बघतीस काय? हात जोड की! नळ बंद झाला तवा हेच धावून आले.”

आतल्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. आईला आत न्यायचं होतं, आणि अर्ध्यात पाईप काढायला आबांना एक इशारा पुरला असता. तोंडात आलेली थुंकी मी गिळली.

मी हात जोडले.